गव्हाणी घुबड

पक्षिवर्गाच्या स्ट्रिजिफॉर्मीस गणातील टायटोनिडी कुलातला, मनुष्यवस्तीच्या आसऱ्याने राहणारा एक निशाचर शिकारी पक्षी. याचे शास्त्रीय नाव टायटो आल्बा असे आहे. ‘टायटो’ हे नाव घुबड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले असून ‘आल्बा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पांढरी’ असा होतो. ‘गव्हाणी’ या मराठी नावातून गुरांच्या गोठ्याशी असलेला या पक्ष्याचा संबंध सूचित होतो. गोठे, धान्याची कोठारे, पडके वाडे, किल्ल्यांचे बुरूज, देवळांची शिखरे, चर्चचे मनोरे आणि जुन्या विहिरींच्या भिंतींतील कपारी ही त्याची दिवसा लपण्याची व घरट्याची ठिकाणे होत.

सर्व घुबडे साधारण एकाच प्रकारची असून त्यांच्यात केवळ आकारमानाचा व रंगाचा फरक असतो, असा सर्वसामान्य समज आहे. गव्हाणी घुबडाच्या बाबतीत तो बरोबर नाही. पिंगळा, शृंगी घुबड, मत्स्य घुबड वगैरे परिचित घुबडांपेक्षा ते वेगळ्या कुलातील असून त्याचा सांगाडा, चेहरा, पाय, आवाज व अंडी या सर्वांत भेद आढळतो. यांपैकी सर्वांत ठळक भेद, म्हणजे त्याचा बदामाच्या आकाराचा चेहरा, हा त्याच्या असामान्य श्रवणशक्तीशी निगडित आहे आणि या श्रवणशक्तीमुळेच ते माणसाच्या शेतातील व कोठारातील उंदरांचा अत्यंत कार्यक्षम शत्रू ठरले आहे.

वर्गीकरण व प्रसार : घुबडांच्या गणात आज हयात असलेली दोन कुले मानली जातात. स्ट्रिजिडी या मोठ्या कुलात दोनशेहून अधिक जाती असून भारतातील बहुतेक घुबडे त्यातच मोडतात. टायटोनिडी हे कुल लहान असून त्यात सु. वीस जाती आहेत. त्यांपैकी बहुसंख्य टायटो या प्रजातीतील असून उरलेल्या थोड्या फोडायलस या प्रजातीतील आहेत. दोन्ही कुलांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी एकमेकांपासून अलग झाले. टायटो प्रजातीच्या जीवाश्मांत काही अवाढव्य जाती आढळल्या आहेत. इटलीतील गार्गानो भागात मायोसीन काळाच्या अखेरच्या सुमाराचे जे अवशेष मिळाले, त्यांवरून १९७३ साली वर्णन केलेली टायटो जायगँटिया ही जाती आजच्या मोठ्या शृंगी घुबडांपेक्षाही मोठी होती.

गव्हाणी घुबडाचे शास्त्रीय वर्णन प्रथम जोव्हानी स्कोपोली यांनी १७६९ साली केले. अंटार्क्टिका सोडून इतर सर्व खंडांत हे घुबड आढळते. अतिशीत प्रदेश व विस्तीर्ण वाळवंटे मात्र ते टाळते. इतक्या विशाल प्रदेशातील पक्ष्यांना एकच जाती मानावे किंवा नाही, याविषयी पक्षिवैज्ञानिकांत मतभेद होते. अलीकडे आनुवंशिक पुराव्याच्या आधारे यूरोप-आफ्रिकेतील (टायटो आल्बा), अमेरिकेतील (टायटो फुर्काटा) आणि दक्षिण आशिया ते ऑस्ट्रेलिया या पट्ट्यातील (टायटो जाव्हानिका) अशा तीन जाती वेगळ्या मानण्याकडे कल आहे. या विभागणीनुसार भारतातील पक्षी टायटो जाव्हानिका या जातीत पडतात. त्यांच्या उपजातीला १९२९ साली ‘स्टर्टेन्स’ हे नाव देण्यात आले. त्याचा अर्थ ‘घोरणारा’ असा असून तो या पक्ष्याच्या आवाजाला अगदी साजेसा आहे.

याच कुलातील आणखी काही पक्षी भारतात आहेत. गवती घुबड (टायटो लाँजिमेंब्रिस) हे उंच गवताच्या कुरणांत जमिनीवर राहते. अंदमान बेटांवर टायटो प्रजातीतील एक स्वतंत्र जाती आहे. फोडायलस प्रजातीतील एक जाती ईशान्य भारतातील दाट जंगलांत, तर दुसरी श्रीलंकेत व पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आढळते. मनुष्यवस्तीशी जवळीक मात्र एकट्या गव्हाणी घुबडानेच साधली आहे.

बाह्य लक्षणे : भारतीय गव्हाणी घुबडाची लांबी सु. ३६ सेंमी. असून ते साधारण डोमकावळ्यापेक्षा थोडे लहान दिसते. पाठीकडील व पंखांवरील रंग सोनेरी पिवळसर असून त्यावर राखी रंगाची नाजूक जाळी आणि काळे-पांढरे ठिपके विखुरलेले असतात. पोटाकडील बाजू रेशमासारखी पांढरी असून तिच्यावर बारीक गडद ठिपके असतात. नर व मादी दिसण्यात सारखीच असली, तरी मादी किंचित मोठी असून तिच्या छातीवर ठिपके बहुधा अधिक असतात. बसलेल्या पक्ष्याचे पंख आखूड शेपटीच्या टोकापलीकडे पोहोचतात.

चेहरा पांढरा व बदामाच्या आकाराचा असून त्याच्या कडेने गडद, ताठ पिसांची महिरप असते. चेहऱ्याभोवतालच्या या तबकासारख्या पिसांच्या मंडलाला मुखबिंब म्हणतात. स्ट्रिजिडी कुलातील घुबडांचे मुखबिंब गोल असते आणि काहींत ते अस्पष्ट असते. शृंगी घुबडाच्या डोक्यावर शिंगांसारखे दिसणारे पिसांचे दोन तुरे असतात. हे तुरे म्हणजे कान नव्हेत आणि ऐकण्याशी त्यांचा काही संबंध नाही. गव्हाणी घुबडाच्या डोक्यावर असे तुरे नसतात. त्याचे डोळे चेहऱ्याच्या मानाने लहान व काळेभोर असतात, तर पिंगळ्याचे डोळे पिवळेजर्द आणि शृंगी घुबडाचे नारिंगी असतात. चोच लांबट व खाली वळलेली असून दोन डोळ्यांमधून उतरणाऱ्या पिसांच्या उंच रेषेत ती बरीचशी झाकली जाते.

पायांवरूनही हा पक्षी ओळखता येतो. ते लांब व सडपातळ असून पिसे खाली विरळ होत जातात आणि बोटांवर केवळ राठ केस उरतात. आतील बोट व मधले बोट जवळजवळ सारख्याच लांबीची असतात. स्ट्रिजिडी कुलात आतील बोट मधल्या बोटापेक्षा स्पष्टपणे आखूड असते. शिवाय गव्हाणी घुबडाच्या मधल्या बोटाच्या नखाची आतील कडा फणीसारखी दातेरी असते. अशी फणी बगळे व रातवे या पक्ष्यांतही आढळते आणि पिसे विंचरण्यासाठी तिचा उपयोग होत असावा.

सांगाडा : दोन कुलांतील मूलभूत भेद हाडांच्या रचनेत दिसतो. गळपट्टीची दोन हाडे मिळून झालेले चिमट्याच्या आकाराचे हाड गव्हाणी घुबडात उरोस्थीच्या (छातीच्या हाडाच्या) मध्यभागी असलेल्या उंच कण्याला जोडलेले असते, तर स्ट्रिजिडी कुलात ते मोकळे असते. उरोस्थीच्या मागील कडेला गव्हाणी घुबडात उथळ खाचांची एकच जोडी, तर स्ट्रिजिडी कुलात खोल खाचांच्या दोन जोड्या असतात. कवटीही अधिक लांब व अरुंद असते. अशा स्थिर लक्षणांमुळेच दोन वेगळी कुले मानण्यात आली आणि पुढे आनुवंशिक अभ्यासानेही या विभागणीला पुष्टी मिळाली.

श्रवण : घुबड अंधारात केवळ तीक्ष्ण दृष्टीच्या बळावर शिकार करते, अशी पूर्वी समजूत होती. मंद प्रकाशात घुबडाला माणसापेक्षा पुष्कळच चांगले दिसते हे खरे असले, तरी संपूर्ण काळोखात डोळ्यांचा उपयोग होत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी पूर्ण अंधाऱ्या खोलीत गव्हाणी घुबडावर प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १९७१ साली सविस्तर प्रसिद्ध केले. घुबड अंधारातही धावत्या उंदरावर अचूक झडप घालते, असे त्यांना दिसून आले. उंदराऐवजी कागदाचा बोळा दोऱ्याने ओढल्यास घुबडाने त्या बोळ्यावरही झडप घातली. त्यावरून वास किंवा शरीराची उष्णता नव्हे, तर केवळ आवाज हाच त्याचा मार्गदर्शक असल्याचे सिद्ध झाले. एका कानात बोळा घातला असता त्याचा नेम चुकू लागला.

हा नेम किती अचूक असतो, याचीही मोजदाद झाली आहे. आवाजाची दिशा ठरविण्यात गव्हाणी घुबडाची चूक एक ते दोन अंशांपेक्षा जास्त होत नाही. हात पूर्ण लांब करून धरलेल्या करंगळीची जाडी डोळ्यांपुढे जेवढा कोन व्यापते, साधारण तेवढी ही चूक होय. ही अचूकता दोन प्रकारच्या फरकांवर अवलंबून असते. आवाज उजवीकडून आल्यास तो उजव्या कानात आधी व डाव्या कानात नंतर पोहोचतो. हा काळाचा फरक एका सेकंदाच्या चार-पाच हजाराव्या भागाहून क्वचितच अधिक असतो. तरीही त्यावरून घुबडाला आवाज किती डावीकडे वा उजवीकडे आहे ते कळते. दुसरा फरक आवाजाच्या तीव्रतेचा आहे. गव्हाणी घुबडाची दोन्ही कर्णरंध्रे एका पातळीत नसतात. डावे रंध्र किंचित वर असून खालून येणाऱ्या आवाजाला अधिक संवेदनशील असते, तर उजवे किंचित खाली असून वरून येणाऱ्या आवाजाला अधिक संवेदनशील असते. त्यामुळे दोन कानांत पोहोचणाऱ्या आवाजाच्या जोरातील फरकावरून तो किती उंचीवरून येत आहे, हे त्याला उमगते. पहिल्या फरकाने आडवी व दुसऱ्याने उभी दिशा निश्चित झाली, की उंदराचे स्थान नेमके सापडते.

मुखबिंबाचे कार्य येथे स्पष्ट होते. बदामी चेहऱ्याच्या दोन खोलगट बाजू आवाज गोळा करून कानांकडे वळवितात व कडेची ताठ पिसे परावर्तकाचे काम करतात. हाताचा द्रोण करून कानामागे धरल्यास दूरचे बोलणे अधिक स्पष्ट ऐकू येते, त्याच तत्त्वावर हा चेहरा घडलेला आहे. कानांची अशी विषम मांडणी स्ट्रिजिडी कुलातील काही जातींतही आढळते. परंतु ती तेथे स्वतंत्रपणे निर्माण झाली आहे. त्यांपैकी उत्तरेकडील थंड जंगलांतील काही लहान घुबडांत खुद्द कवटीच विषम असते, तर गव्हाणी घुबडात कवटी समप्रमाण असून विषमता केवळ कानाच्या बाह्य मऊ भागांत असते. पिंगळा व शृंगी घुबड यांच्या कानांत अशी ठळक विषमता नसते.

या अभ्यासातून मेंदूविज्ञानालाही मोठा लाभ झाला. मासाकाझू कोनिशी व एरिक नूडसेन यांनी १९७८ साली गव्हाणी घुबडाच्या मध्यमस्तिष्कात आवाजाच्या दिशांचा एक नकाशाच असल्याचे दाखवून दिले. तेथील प्रत्येक तंत्रिका कोशिका विशिष्ट दिशेकडून येणाऱ्या आवाजालाच प्रतिसाद देते आणि शेजारच्या कोशिका शेजारच्या दिशांना प्रतिसाद देतात. डोळ्यातील पडद्यावर बाहेरच्या दृश्याची प्रतिमा पडते, म्हणून दृष्टीचा नकाशा मेंदूत असणे समजण्यासारखे होते. कानात मात्र असा पडदा नसतो. म्हणजे हा नकाशा मेंदूने दोन कानांकडून आलेल्या संदेशांची तुलना करून स्वतः तयार केलेला असतो. नूडसेन यांनी पुढे घुबडाच्या पिलांना लोलकांचे चष्मे लावून दृष्टी एका बाजूला सरकविली असता श्रवणाचा नकाशाही हळूहळू तिकडे सरकतो, असे आढळले. जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या घुबडाची श्रवणशक्ती वाढत्या वयाबरोबर जवळजवळ कमी होत नाही.

उड्डाण : आवाजावरून शिकार करणाऱ्या पक्ष्याचे स्वतःचे उड्डाण निःशब्द असणे दोन कारणांनी आवश्यक ठरते : सावजाला चाहूल लागू नये व स्वतःच्या ऐकण्यात व्यत्यय येऊ नये. ग्रॅहॅम यांनी १९३४ साली घुबडाच्या पंखांतील तीन विशेष वर्णन केले. बाहेरच्या पिसाच्या पुढील कडेला फणीसारखे दाते असतात, मागील कडेला मऊ झालर असते आणि पिसांचा पृष्ठभाग मखमलीसारखा असतो. या तिन्हींमुळे पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा आवाज दबतो. शिवाय शरीराच्या वजनाच्या मानाने पंख मोठे असल्याने गव्हाणी घुबड संथ गतीने, जमिनीपासून थोड्याच उंचीवर तरंगत जाऊ शकते. याउलट मत्स्य घुबडाच्या पंखांना अशी झालर नसते व त्याचे मुखबिंबही फारसे विकसित नसते. पाण्यातील माशाला पंखांचा आवाज ऐकू येण्याचा प्रश्न नसल्याने त्याला या योजनेची गरज उरत नाही.

पोटाकडील पांढरा रंग रात्री उठून दिसत असल्याने तो शिकारीत अडथळा ठरेल, असे वाटते. स्वित्झर्लंडमधील लोझॅन विद्यापीठाच्या संशोधकांना मात्र २०१९ साली वेगळेच आढळले. पौर्णिमेच्या प्रकाशात तांबूस पक्ष्यांना शिकार कमी मिळते, पण पांढऱ्या पक्ष्यांच्या शिकारीत तशी घट होत नाही. पांढऱ्या पिसांवरून परावर्तित होणारा चंद्रप्रकाश पाहून उंदरांसारखे प्राणी पळण्याऐवजी अधिक वेळ जागीच थिजून राहतात, असे प्रयोगांत दिसून आले.

आवाज : ‘घू-घू’ असा गंभीर घूत्कार हा घुबडांचा नेहमीचा आवाज समजला जातो. गव्हाणी घुबड असा घूत्कार करीत नाही. उडताना ते लांबट, कर्कश किंकाळी फोडते, डिवचले गेल्यास सापासारखे फूत्कारते व चोचीने टकटक आवाज करते. घरट्यातील पिले अन्नासाठी रात्रभर घोरल्यासारखा आवाज करीत असतात. ओसाड वाड्यांतून व स्मशानाजवळच्या जुन्या इमारतींतून रात्री ऐकू येणाऱ्या अशा किंकाळ्या आणि अंधारातून नीरवपणे सरकणारी पांढरी आकृती यांमुळे भुताखेतांच्या पुष्कळ कल्पना रूढ झाल्या असाव्यात.

अन्न : गव्हाणी घुबडाचे मुख्य अन्न उंदीर, घुशींची पिले व चिचुंद्र्या हे असून क्वचित ते लहान पक्षी, बेडूक, पाली व मोठे कीटकही खाते. पिंगळ्याच्या अन्नात कीटकांचे प्रमाण मोठे असते. शृंगी घुबड उंदरांखेरीज ससे व मोठे पक्षीही मारते. गव्हाणी घुबड सावज बहुधा सबंध गिळते. केस व हाडे पचत नसल्याने जठरात त्यांचा गोळा तयार होतो व काही तासांनी तो तोंडावाटे बाहेर टाकला जातो. असे गोळे सर्वच घुबडे टाकतात. परंतु गव्हाणी घुबडाच्या ताज्या गोळ्यावर काळसर चकचकीत लेप असतो आणि आतील हाडे बरीचशी अखंड राहतात. एकाच जागी वर्षानुवर्षे साचलेले हे गोळे भिजवून व कवट्या-जबडे वेगळे करून परिसरातील लहान सस्तन प्राण्यांची नोंद करता येते. भारतात निरनिराळ्या ठिकाणी केलेल्या अशा पाहण्यांत शेतात व घरांत उपद्रव देणाऱ्या कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्यांचे अवशेषच प्रामुख्याने आढळले आहेत. बिळात धान्याचा साठा करणारी शेतातील लहान घूस (बँडिकोटा बेंगालेन्सिस) ही त्यांपैकी एक महत्त्वाची जाती होय.

प्रजनन : जोडी बहुधा दीर्घकाळ एकत्र राहते. भारतात विणीचा काळ ठराविक नसून अन्नाच्या उपलब्धतेनुसार वर्षातून जवळजवळ केव्हाही अंडी घातली जातात. काड्यांचे घरटे बांधले जात नाही. वळचणीत, भिंतीतील पोकळीत किंवा झाडाच्या ढोलीत साचलेल्या गोळ्यांच्या भुग्यावरच मादी साधारण ४ ते ७ पांढरी अंडी घालते. इतर घुबडांची अंडी जवळजवळ गोल, तर याची किंचित लांबट असतात. अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घातली जातात व पहिल्या अंड्यापासूनच उबवणी सुरू होते. उबवण्याचे काम मादी करते व नर तिला अन्न आणून देतो. सु. ३० ते ३४ दिवसांनी पिले बाहेर पडू लागतात. ती एकामागून एक जन्मत असल्याने एकाच घरट्यात निरनिराळ्या वयाची पिले दिसतात. उंदीर विपुल असले म्हणजे सर्व पिले वाढतात. टंचाईच्या काळात धाकटी पिले मरतात. अशा रीतीने कुटुंबाचा आकार अन्नाच्या प्रमाणाशी जुळवून घेतला जातो. सु. आठ-नऊ आठवड्यांत पिले उडू लागतात. बरीच पिले पहिल्या वर्षातच दगावतात. वाचलेली सामान्यतः एक वर्षाची झाल्यावर विणीस योग्य होतात.

मानवाशी संबंध : प्रौढ घुबडाला दररोज तीन-चार लहान उंदरांइतके अन्न लागते आणि पिले असताना जोडीला याच्या कितीतरी पट शिकार करावी लागते. त्यामुळे शेतातील उंदरांच्या जैव नियंत्रणासाठी या पक्ष्याचा उपयोग करण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले आहेत. मलेशियातील तेलमाडाच्या मळ्यांत घरट्यांच्या पेट्या बसवून घुबडांची संख्या वाढविण्यात आली. इझ्राएलमध्ये स्दे एलियाहू या सामूहिक वसाहतीत १९८३ साली असा प्रयोग सुरू झाला व २००२ पासून शेजारच्या जॉर्डनचाही त्यात सहभाग झाला. घुबडे सीमा मानीत नसल्याने दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांचे हित येथे एकच ठरले. भारतात लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटावर नारळांचे नुकसान करणाऱ्या उंदरांसाठी गव्हाणी घुबडे नेण्यात आली.

या उपायाला मर्यादाही आहेत. घुबडे उंदरांचा नायनाट करीत नाहीत, त्यांच्या वाढीला आळा घालतात. त्यामुळे इतर उपायांची जोड द्यावीच लागते. तसेच ज्या प्रदेशात हा पक्षी मुळात नाही, तेथे तो सोडणे धोक्याचे ठरू शकते. हवाई बेटांवर उसातील उंदरांसाठी १९५८ पासून सोडलेली घुबडे तेथील दुर्मिळ समुद्रपक्ष्यांचीही शिकार करू लागली. आपल्याकडे हे घुबड मूळचेच असल्याने त्याला बाहेरून आणण्याचा प्रश्न बव्हंशी नाही. असलेल्या पक्ष्यांना निवारा व संरक्षण देणे पुरेसे आहे.

जागतिक दृष्ट्या ही जाती संकटग्रस्त मानली जात नाही. परंतु काही प्रदेशांत तिची मोठी घट झाली आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९३२ साली केलेल्या गणनेत सु. १२,००० जोड्यांचा अंदाज करण्यात आला होता. १९९५–९७ च्या पाहणीत सबंध ब्रिटनमध्ये सु. ४,००० जोड्याच आढळल्या. जुनी कोठारे पडणे, गवताळ कडा नांगरल्या जाणे व वेगवान वाहनांची धडक ही त्याची काही कारणे होत. जुने वाडे पाडून पक्क्या इमारती बांधल्या जात असल्याने घरट्यांच्या जागा आपल्याकडेही कमी होत आहेत.

याहून सूक्ष्म धोका उंदीरनाशक विषांचा आहे. ब्रोमाडायोलोनसारखी रक्त गोठू न देणारी विषे उंदराला तत्काळ मारीत नाहीत. विष खाल्लेला उंदीर काही दिवस जिवंत राहतो, सुस्त होतो व उघड्यावर येतो, त्यामुळे तो सहज घुबडाच्या तावडीत सापडतो. विष घुबडाच्या यकृतात साचत जाते व पुरेसे साचल्यास तेही रक्तस्रावाने मरते. उंदरांची संख्या विणीच्या वेगामुळे थोड्याच काळात पूर्ववत होते. घुबडांची मात्र तितक्या लवकर भरून येत नाही. परिणामी शेतकऱ्याचा विनामूल्य राखणदार नाहीसा होतो आणि विषावरील अवलंबन वाढते.

लोकसमजुतींत या पक्ष्याला परस्परविरोधी स्थान आहे. घुबड हे लक्ष्मीचे वाहन मानले जाते. बंगालमध्ये तर गव्हाणी घुबडाला ‘लक्ष्मीपेंचा’ असेच म्हणतात आणि ते घरात राहणे शुभ समजले जाते. धान्याच्या कोठाराची राखण करणाऱ्या पक्ष्याचा समृद्धीच्या देवतेशी जोडलेला हा संबंध निरीक्षणाला धरूनच आहे. महाराष्ट्रात व इतरत्र मात्र पुष्कळ ठिकाणी त्याचे दर्शन व आवाज अपशकुनी मानतात. दिवसा बाहेर पडलेल्या घुबडाला दगड मारले जातात, तर काही ठिकाणी मंत्रतंत्रासाठी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, घुबडांचा बळी दिला जातो. वन्य जीवांच्या व्यापाराचा अभ्यास करणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या भारतातील विभागाने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात घुबडांच्या अशा अवैध व्यापाराकडे लक्ष वेधले. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घुबडांची शिकार करणे, त्यांना बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात पिंगोरी येथे २०१८ साली उलूक उत्सव भरविण्यात आला व २०१९ साली पुण्यात जागतिक घुबड परिषद झाली. त्यांमुळे या पक्ष्यांविषयी शास्त्रीय माहितीचा प्रसार होण्यास मदत झाली.

घरात वा कोठारात गव्हाणी घुबडाचे घरटे आढळल्यास त्याला हुसकावण्याची आवश्यकता नसते. पिले उडून जाईपर्यंत घोरण्याचा आवाज व खाली पडणाऱ्या गोळ्यांची घाण एवढाच त्याचा उपद्रव असतो. जमिनीवर पडलेले पिलू जखमी नसल्यास ते उचलून घरट्याजवळ उंच, सुरक्षित जागी ठेवावे. आईबाप रात्री त्याला अन्न देतात. जखमी पक्षी वनखात्याच्या स्वाधीन करावा. कोठाराची वरची झरोक्यासारखी खिडकी उघडी ठेवणे, शेताच्या बांधावर एखादे जुने ढोलीचे झाड राखणे व त्या परिसरात विषारी आमिषे न वापरणे, एवढ्या गोष्टी या पक्ष्याला टिकून राहण्यास पुष्कळ साहाय्यभूत ठरतात.